गल्लीतला दिवाळीचा किल्ला नीट कसा बघायचा

साताऱ्यात किल्ले बघायचे ते लक्ष्मीपूजन ते भाऊबीज, आणि एका किल्ल्याला दोन खेपा करायच्या. पहिली सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. तिरप्या उन्हात कडे आणि बुरुजांची गोलाई उठून दिसते. दुसरी पणत्या लागल्यावर. नुसतं रात्री गेलात तर रोषणाई बघून परत याल.

उकिडवे बसा. उभ्याने नकाशा दिसतो, गड दिसत नाही. डोळे पायथ्याच्या मावळ्याच्या उंचीला आणा आणि शत्रू म्हणून चढायला लागा. वाट कुठून वर जाते? तिच्यावर कुठल्या बुरुजाचा मारा येतो? गोमुखी दरवाजा बुरुजांच्या वळणात लपलेला हवा. लांबूनच उघडा दिसला तर पोरांनी गड फोटोत बघितलाय, चढलेली नाहीत. प्रतापगडाची माची, म्हणजे खालचा तटबंदीचा सपाट भाग, आणि बालेकिल्ला, म्हणजे वरचा आतला किल्ला, वेगळे ओळखू यायला हवेत. राजगड असेल तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या मोजा. अजिंक्यतारा असेल तर सोपं, तो साताऱ्याच्या डोक्यावरच आहे, मान वर करा. खरा माथा लांबट आणि सपाट आहे. टोकदार केला असेल तर चुकला.

आता माती. आत विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं बारदान, वर चाळलेल्या मातीचा थर. जाळीसारख्या भेगा दिसल्या तर काळी माती जास्त पडलीय, ती वाळताना आकसते. तांबडी कमी तडकते. तट एका बाजूला बसला असेल तर आत पोकळी राहिली किंवा हिरवळीसाठी पेरलेल्या अळिवाला पाणी जास्त झालं. अळीव चार-पाच दिवसांत हिरवं होतं. पिवळट आणि आडवं पडलेलं असेल तर दाट पेरलंय किंवा ऊन मिळालेलं नाही. कारंजं बंद दिसलं तर आधी बादली बघा. सलाईनच्या नळीतून पाणी उडायला बादली कारंज्यापेक्षा बरीच उंच लागते.

मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतोच, तो दोष धरू नका. चित्रं, म्हणजे मावळ्यांच्या छोट्या मूर्ती, बाजारात मिळतील त्या मापाची घ्यावी लागतात.

तटाच्या चर्यांवरून, म्हणजे वरच्या कंगोऱ्यांवरून, नजर फिरवा. कुठे ओळीत, कुठे वाकड्या. हात बदलला की माप बदलतं. ‘कुठली बाजू कुणी केली?’ एवढं विचारा, पोरं पुढचं सगळं सांगतात. बोट मात्र लावू नका, ओला बुरुज तेवढ्यानेही ढासळतो. फोटो फ्लॅश बंद करून, खालून काढा.