क्वार्टेटमध्ये चेलो वाजवणार असाल तर या चुका टाळा

चेलो शिकण्याची बहुतेक वर्षं एकट्याने किंवा पियानोच्या साथीने वाजवण्यात जातात. परीक्षा, स्पर्धा, ऑर्केस्ट्राची ऑडिशन, सगळीकडे जोखलं जातं ते आपलं एकट्याचं वादन. मग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या स्वराचं वाद्य) आणि एक चेलो अशा चौघांच्या संचात, जागा मिळते आणि त्याच सवयी अंगाशी येतात. गंमत म्हणजे पुढच्या चुका कच्चे वादक करत नाहीत, चांगल्या तयारीचेच करतात.

चारही तारा अगदी शुद्ध जुळवणं

ही सगळ्यांत फसवी चूक, कारण ती चूक वाटतच नाही. चेलोच्या तारा सी, जी, डी, ए. शेजारच्या दोन तारांत पंचमाचं अंतर. ए पक्की करून खाली येत प्रत्येक पंचम शुद्ध जुळवला की एकट्याने वाजवताना चेलो सुरेख घुमतो. पण क्वार्टेटमध्ये तुमच्या मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजवलेल्या, सीवर पहिल्या व्हायोलिनने मोकळी ई लावली की ती चढी लागते. सीपासून एकावर एक चार शुद्ध पंचम घेत गेलं की जी ई मिळते, ती सीच्या शुद्ध गांधारापेक्षा सुमारे २२ सेंट वर असते, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त. मग तालमीत व्हायोलिन बेसूर की चेलो, यावर अर्धा तास जातो, आणि दोष दोघांचाही नसतो.

यावर उपाय म्हणजे पंचम किंचित अरुंद ठेवायचे. त्यामुळे सी नेहमीपेक्षा जराशी चढी राहते. व्हायोलाच्या ताराही याच स्वरांच्या, फक्त एक सप्तक वर, तेव्हा आधी दोघांच्या सी एकमेकींशी जुळवा आणि शेवटी व्हायोलिनच्या ईबरोबर वाजवून ऐका. निव्वळ ट्यूनरवर भिस्त ठेवून भागत नाही. त्याच्या हिशेबातली ईसुद्धा शुद्ध गांधारापेक्षा साधारण १४ सेंट चढीच असते. उरलेली तफावत व्हायोलिनवाल्याने मोकळी तार टाळून, बोटाने ई दाबून भरून काढायची. हे आधी ठरवून पार्टमध्ये, म्हणजे आपापल्या वाद्याच्या स्वरलिपीच्या कागदात, पेन्सिलने लिहून ठेवा.

सगळ्यांबरोबर गज टेकवणं

जाड तार बोलायला वेळ घेते. चौघांचे गज एकाच क्षणी हलले तरी खालचा स्वर मागून येतो, आणि प्रेक्षकांत बसलेल्याला वाटतं की चेलो रेंगाळतोय. खुर्चीत बसून हे कळत नाही. रेकॉर्डर सभागृहाच्या मागच्या रांगेत ठेवून ऐका. गज तारेवर आधी पकडून ठेवायचा आणि खालच्या तारांवर केसभर आधी सुटायचा. बोटाने छेडलेल्या स्वरांना मात्र ही घाई नको.

फक्त आपला पार्ट घोकणं

बेटहोवनच्या ओपस ५९ क्रमांक १ या क्वार्टेटची (चौघांसाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) सुरुवातच चेलोच्या धुनेने होते. १८०६ सालच्या या रचनेत वर दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला एकसारखे छोटे स्वर वाजवत असतात. एकलवादनाच्या सवयीने तुम्ही धून ऐटीत खेचलीत, तर त्या दोघांनी जायचं कुठे? म्हणून घरचा रियाज पूर्ण स्कोअर, म्हणजे चौघांचे स्वर एकत्र छापलेली प्रत, समोर ठेवूनच करायचा. उलट टोकाची चूकही तितकीच आढळते: चेलो म्हणजे साथ, असं समजून सतत दबून वाजवणं. मोझार्टने शेवटची तीन क्वार्टेट्स लिहिली तेव्हा डोळ्यांसमोर प्रशियाचा राजा होता, आणि तो स्वतः चेलो वाजवायचा. तिथे तुम्ही लाजलात तर रचनाच कोसळते.

वुल्फकडे काणाडोळा

बऱ्याच चेलोंवर ई ते एफ शार्पच्या आसपास एखादा स्वर थरथरतो, गुरगुरतो; त्यालाच वुल्फ म्हणतात. जोरकस वादनात तो एकवेळ झाकला जातो, पण क्वार्टेटमधल्या हलक्या, लांब धरलेल्या स्वरात लपत नाही. ब्रिजच्या (तारा पेलणाऱ्या घोडीच्या) खालच्या बाजूला तारेवर वुल्फ एलिमिनेटर, म्हणजे ही गुरगुर दाबणारं छोटं वजन, बसवा आणि त्याची जागा मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवून पाहा. अडलंच तर गुडघ्याने चेलोची बाजू किंचित दाबा.

जुन्या चेलोवादकाची जागा घेताना

चालू क्वार्टेटमध्ये नवा आलेला एक तर आधीच्याची नक्कल करतो, नाहीतर पहिल्याच महिन्यात सगळ्यांची बोइंग (कुठला स्वर गजाच्या कुठल्या दिशेने वाजवायचा, त्या खुणा) बदलायला निघतो. दोन्ही महागात पडतं. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ग्वार्नेरी क्वार्टेटमध्ये २००१ साली डेव्हिड सॉयर निवृत्त झाले आणि त्यांचेच शिष्य पीटर वायली आले. पण असा घरचा वारस क्वचितच मिळतो. पहिल्या सीझनमध्ये प्रश्न विचारा, बदल एकेका रचनेपुरते सुचवा.

पैशाचं तोंडी ठेवणं

माझ्या मते सगळ्यांत जास्त कटुता इथेच येते. माणसं चार, पण विमानात जागा पाच, कारण चेलोलाही तिकीट लागतं. ते तिकीट मानधन वाटण्याआधी सामाईक खर्चातून वजा करायचं की तुमच्या वाट्यातून, हे दौरा ठरण्यापूर्वी लेखी असावं, सामाईकच रास्त. बुकिंग करताना विमान कंपनीला चेलोची मापं आधी कळवा, नुसतं ऑनलाइन दुसरं सीट घेऊन विमानतळावर जाऊ नका. त्याच कागदावर एजंटचं कमिशन, आजारपणात बदली वादकाचं मानधन, आणि कुणी सोडून गेलं तर क्वार्टेटचं नाव व खुणा केलेले पार्ट कुणाकडे राहणार, हेही लिहून चौघांच्या सह्या घ्या.