वस्तीवरच्या घरासाठी बंदूक घ्यायची, तर आधी काय काय करून ठेवायचं

दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीन आडतीवर जातं, कापूस घरात येतो आणि वस्तीवर राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात बंदुकीच्या लायसनचा विचार घोळू लागतो. परभणी असो, हिंगोली असो की बीड, गावाबाहेर एकटं घर, रात्रीच्या लाइटीचा भरवसा नाही, शेजारचा आखाडा, म्हणजे शेतावरचं घर, हाकेच्या पलीकडे. विचार चुकीचा नाही. पण त्यात गरज किती आणि रुबाब किती, हे आधी स्वतःशीच ठरवा. लग्नात कमरेला दिसावी म्हणून हवी असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यात काय आलंय तेवढं ऐकून ठेवा: आनंदाच्या भरात, कुणाच्या जिवाला धोका होईल असा बेफिकीर गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये बीडमधल्या मस्साजोगला सरपंच संतोष देशमुखांचा खून झाला, त्यानंतर बीड जिल्ह्यातले परवाने प्रशासनानं नव्यानं तपासले आणि बरेच रद्दही केले. कारण पटणारं नसेल तर कागद टिकत नाही.

यादीत बंदूक सगळ्यात शेवटी येते. आधी दार बघा. माळवदाच्या जुन्या घराचं दार सागवानी असतं, पण मागं गोठ्याकडं उघडणारं दार बहुतेक वेळा पत्र्याचं, आणि त्याची कडी हातानं वाकते. चोर तिथूनच येतो. आतून आडणा बसवा, अंगणात सौर दिवा लावा, एक चांगली बॅटरी उशाशी ठेवा. कुत्रं पाळा, त्याच्याइतका स्वस्त राखणदार मिळायचा नाही. पोलिसांचा ११२ नंबर लागतो का, हे दिवसा नाही, रात्री आतल्या खोलीत उभं राहून बघा, कारण जाड भिंतींच्या घरात रेंज दाराशी येऊन थांबते. पोलीस पाटलाचा आणि जवळच्या दोन आखाड्यांचा नंबर घरातल्या म्हातारीलाही लावता आला पाहिजे. एवढं केल्यावर बऱ्याच जणांची बंदुकीची गरज तिथंच संपते.

ज्यांची संपत नाही त्यांनी कागदाला लागावं. वय २१ पूर्ण हवं. अर्ज २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या नमुना ए-१ मध्ये. जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतात, छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त. पोलीस ठाण्याचा अहवाल, डॉक्टरचा शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. 'आमच्या ओळखीनं काम होतं' म्हणणारा भेटेलच. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. रानडुकरासाठी बंदूक हवी असेल तर तो विषयच निराळा: पीकसंरक्षणाचा परवाना असला तरी डुकरावर गोळी झाडायला वन खात्याची परवानगी लागते.

आता निवड. इथं माझं मत ठाम आहे. वस्तीवरच्या घराला बाराबोरची साधी दुनळी. .३२ चं रिव्हॉल्वर लोकांना आवडतं कारण ते खिशात मावतं. पण आखूड नळीच्या हत्यारानं अंधारात, हात थरथरत असताना नेम लागायला फार सराव लागतो, आणि तेवढा सराव आपल्याकडं कुणी करत नाही. किंमतही बघा. कानपूरचं 'निर्भीक' रिव्हॉल्वर २०१४ मध्ये बाजारात आलं तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होतं. .३१५ ची रायफल तर घरात नकोच. तिची गोळी पत्रा, विटा ओलांडून पार शेजारच्या शिवारात जाते. बाराबोरचे छर्रे लवकर जोर सोडतात, तरी पत्र्याची भिंत त्यांनाही अडवत नाही, हे विसरू नका. पलीकडं कुणाची खाट आहे ते बघून ठेवा.

एक गैरसमज गावोगाव ऐकू येतो: छर्ऱ्याला नेम लागत नाही, तो पसरतोच. खोलीतल्या खोलीत, बारा-पंधरा फुटांवर, छर्रा तळहाताएवढ्या जागेच्या पलीकडं पसरत नाही. नेम धरावाच लागतो.

जुनी दुनळी घ्यायची तर परवानाधारक दुकानदाराकडूनच. मधली कळ दाबून बंदूक मोडा, म्हणजे सांध्यात वाकवून उघडा, नळ्या उजेडाकडं धरा आणि मागच्या बाजूनं आत बघा. स्वच्छ नळी आरशासारखी गोल गोल चमकते. काळे ठिपके दिसले तर आतून गंज लागून खड्डे पडलेत. मग बंदूक मिटून दस्ता धरा आणि हलवून बघा. सांध्यात खडखड आली तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असू दे. दोन्ही चाप वेगवेगळे ओढून बघा, आधी दुकानदाराला विचारून आणि डमी काडतूस घालून. देशी कट्ट्याचं नावच काढू नका. तो हातात फुटतो आणि वर जेलही होते.

सरावाचं म्हणाल तर पहिले काही आठवडे काडतूस लागतच नाही. बंदूक उचलायची, मोडायची, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं डोळ्यानं बघायचं, बोटानं चाचपायचं. बोट चापाच्या बाहेर, नळी कधीच माणसाकडं नाही, बंदूक नेहमी भरलेलीच समजायची. हे अंधारातही हाताला आपोआप यायला हवं. नेमासाठी .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअरगन चालते, तिला परवाना लागत नाही. खऱ्या काडतुसाचा सराव मात्र मान्यताप्राप्त रेंजवर, शिकवणाऱ्यासमोर, कानाला संरक्षण लावून. बाराबोरचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. बंद खोलीत एकदा उडाली की काही वेळ कुणाचंच काही ऐकू येत नाही. म्हणून घरच्यांशी आधीच ठरवून ठेवा: आवाज आला की पोरं कुठल्या खोलीत जमतील, फोन कोण करेल, कडी कोण लावेल. तुम्ही त्या खोलीच्या दाराच्या आत थांबायचं. अंधारात चोर शोधत अंगणात फिरायचं नाही. निम्म्या वेळा गोठ्यात खुडबुडणारा आपलाच सालगडी किंवा दारू पिऊन आलेला चुलतभाऊ असतो. बॅटरी मारा, ओरडा, ओळखा.

ठेवायची जागा भिंतीत बोल्टनं बसवलेली लोखंडी पेटी, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही चाव्या परवानाधारकाकडंच. उतरंडीमागं, माळ्यावर, गादीखाली ठेवलेली बंदूक पोरांना सगळ्यात आधी सापडते. आणि एक गोष्ट आपल्या भागात बोलायची टाळतात. नापिकीचं वर्ष असेल, घरात कुणी कर्जानं खचलं असेल किंवा दारूच्या नादाला लागलं असेल, तर तेवढे दिवस हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा ठेवा. लोक काय म्हणतील हे नंतर.

कायद्याचं थोडं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. दरोडा, रात्रीची घरफोडी, घराला लावलेली आग, जिवाची खरी धास्ती, अशा वेळी मालमत्तेच्या बचावातही समोरच्याचा जीव गेला तर कायदा समजून घेतो. पण बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. पळत्या चोराच्या पाठीत घातलेल्या छर्ऱ्याला बचाव म्हणायला वकील शोधत फिरावं लागेल. कधी झाडावीच लागली तर ११२ ला कळवा, बंदूक रिकामी करून बाजूला ठेवा, काही हलवू नका, पोलीस आले की हात दिसतील असे उभे राहा.

आजोबांच्या काळातली बंदूक ज्यांच्या घरात आहे, त्यांनी वारसाच्या नावावर करण्याचं काम पडून राहू देऊ नये. परवानाधारक वारल्यावर ती तशीच घरात ठेवणं बेकायदा आहे. आधी जमा करा, मग वारसाच्या नावानं अर्ज करा. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडं २५ वर्षं असलं, तर त्याच्या हयातीतही वारसाला अर्ज करता येतो. निवडणूक लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा केल्याची पावती परवान्याच्या झेरॉक्ससोबत एकाच पिशवीत ठेवा. मतमोजणीनंतर बंदूक परत आणायला तीच लागते.