न्यूमोनियाचा पेशंट ॲडमिट आहे? सोबत राहणाऱ्यांनी या चुका टाळा

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचं म्हातारं माणूस न्यूमोनियानं मिरजेला ॲडमिट झालं की सोबतीला मुलगा, सून नाहीतर नात राहते. डॉक्टर राऊंडपुरते येतात, सिस्टरांकडे अख्खा वॉर्ड असतो. पेशंटच्या उशाशी सलग बसलेलं असतं ते घरचंच माणूस. तब्येत ढासळायला लागल्याची पहिली खूण बरेचदा त्याच्याच डोळ्यांदेखत दिसते. ती ओळखायला शिका.

नुसता ऑक्सिजनचा आकडा बघत बसणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "पंच्याण्णव आहे की!" म्हणून घरी फोन जातो. पण तो 95 किती ऑक्सिजनवर आहे? सकाळी दोन लिटरवर 95 होता आणि संध्याकाळी त्याच 95 साठी आठ लिटर लागत असतील, तर फुप्फुसं बिघडत चालली आहेत. आकड्याबरोबर लिटरही विचारा. बोट गार असेल किंवा नखाला मेंदी, नेलपॉलिश असेल तर मशीन चुकीचंही दाखवू शकतं.

त्यापेक्षा श्वास मोजा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट, आणि पेशंटला न सांगता, कारण कळलं की श्वासाची लय बदलते. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असतो. 25 झाला की सिस्टरना सांगायचं, 30 म्हणजे गंभीर. मानेच्या शिरा ताणल्या जात असतील, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर मोजत बसू नका, हाक मारा. "आबा कसंतरीच करतायत" असं सांगण्यापेक्षा "सिस्टर, दुपारी श्वास 22 होता, आता 31 आहे" असं सांगा. पावलं लगेच उचलली जातात.

बरळणं वयावर ढकलणं. आबा रात्री "बैल सोडा" म्हणत उठून बसले, तर "जागा बदलली म्हणून" असं म्हणून सोडून देऊ नका. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवताना डॉक्टर पाच गोष्टी बघतात: नवा गोंधळ, रक्तातलं वाढलेलं युरिया, 30 किंवा जास्त श्वास, वरचं बीपी 90 च्या खाली किंवा खालचं 60 पर्यंत उतरलेलं, आणि वय 65 किंवा जास्त. यातल्या तीन जुळल्या तर जिवाला धोका मोठा.

याच्या उलट प्रकार जास्त फसवतो. रात्रभर धापा टाकणारा माणूस पहाटे एकदम शांत होतो आणि घरच्यांना वाटतं, दमून डोळा लागला. हलवून जागं करा, नाव विचारा. नीट उत्तर आलं नाही तर त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवायला सांगा. रक्तात कार्बन डायऑक्साईड साठला की अशी गुंगी येते. आयुष्यभर चुलीचा नाहीतर विडीचा धूर घेतलेल्यांत हे जास्त. ऑक्सिजन जादा झाला तर अशांची गुंगी आणखी वाढू शकते, म्हणूनच नॉब स्वतःहून वाढवू नका. अशा पेशंटला बहुतेकदा 88 ते 92 वरच ठेवतात.

ताप नाही म्हणून निश्चिंत होणं. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही न्यूमोनिया वाढतो. अंग गार पडून तापमान 36 अंश सेल्सिअसखाली जाणं तर तापापेक्षा वाईट. रिपोर्टात पांढऱ्या पेशी 4000 च्या खाली दिसल्या तरी तीही चांगली खूण नव्हे.

लघवीची पिशवी बघत राहा. 50 किलोच्या माणसाला तासाला निदान 25 मिली लघवी व्हायला हवी. घरच्या चालू गोळ्या दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढायला हवी तेव्हाही वाढत नाही. छातीत दुखलं, ठोके चुकायला लागले तर लगेच सांगा, कारण न्यूमोनियाच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

दुसऱ्याच दिवशी "औषध बदला" म्हणणं, किंवा पाचव्या दिवशीही काहीच न विचारणं. अँटिबायोटिकला 48 ते 72 तास द्यावे लागतात. त्यानंतरही उतार नसेल तर स्पष्ट विचारा: छातीत पाणी किंवा पू झालाय का, टीबी तपासलाय का? एक्स-रे मात्र साफ व्हायला कित्येक आठवडे लागतात, त्यावरून घाबरू नका.

डिस्चार्जची घाई. खर्च वाढतो, शेतावरची कामं अडतात, हे खरंच आहे. तरी निघण्याआधी विचारा: ताप 37.8 सेल्सिअसच्या आत, नाडी 100 च्या आत, श्वास 24 च्या आत, वरचं बीपी 90 च्या वर आहे ना? नळी काढून ऑक्सिजन 90 च्या वर टिकतोय का? तोंडानं जेवण जातंय, माणूस नेहमीसारखं बोलतोय? यातलं एकही अडत असेल तर अजून एक दिवस थांबायचं का, हे डॉक्टरांना विचारूनच गाडी बोलवा.