जुन्या ॲनालॉग मिक्सरमधून प्रत्येक माईकचा वेगळा ट्रॅक कसा घ्यायचा

गिरगावात आमच्या भजनी मंडळाचा जुना १६ चॅनलचा ॲनालॉग मिक्सर आहे. बुवांचं भजन नीट रेकॉर्ड करून ठेवायचं असं कधीपासून चाललं होतं, पण मोबाईलवर घेतलं की झांज सगळं खाऊन टाकते आणि पेटी तर शोधावी लागते. प्रत्येक माईक वेगळ्या ट्रॅकवर आला तरच हे नंतर सुधारता येतं, आणि त्यासाठी नवीन डिजिटल मिक्सर घ्यायची अजिबात गरज नाही.

पहिली गोष्ट, मिक्सरला यूएसबी आहे म्हणजे काम झालं असं धरू नका. बऱ्याचशा ॲनालॉग मिक्सरचं यूएसबी फक्त मेन मिक्सचे डावा-उजवा असे दोनच ट्रॅक कॉम्प्युटरला देतं, म्हणजे पखवाज, पेटी, बुवा सगळे एकत्र कालवलेले, ते परत नीट वेगळे काढता येत नाहीत. काही मॉडेल सगळे चॅनल देतात, तेव्हा मॅन्युअलमध्ये आधी बघा.

तुमचं मॉडेल तसं नसेल तर आठ लाईन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळा कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा लागतो. घेताना खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. बेहरिंगर यूएमसी१८२० मध्ये १८ इनपुट म्हणतात, पण त्यातले माईक किंवा केबल सरळ लावता येतील असे ८ च, बाकीचे ८ ॲडॅट ऑप्टिकलचे (एकाच ऑप्टिकल केबलमधून येणारे डिजिटल चॅनल) आणि २ एसपीडीआयएफचे (हेही डिजिटलच). आठ माईकला ते पुरतं. पुढे आणखी आठ हवे झाले तर ॲडॅटवाला प्रीॲम्प (माईकचा सिग्नल वाढवणारा डबा) जोडा, दुसरा यूएसबी इंटरफेस नको, कारण विंडोजवर एका वेळी दोन वेगळे एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजला इंटरफेसशी जोडणारं सॉफ्टवेअर) चालवणं म्हणजे नुसता ताप.

आता मिक्सरमधून सिग्नल काढायचा कुठून? प्रत्येक चॅनलला डायरेक्ट आऊट (त्या एकाच चॅनलचा आवाज बाहेर देणारं सॉकेट) असेल तर सरळ तिथून. नसेल तर माईकच्या सॉकेटजवळ इन्सर्ट लिहिलेलं भोक बघा, खरा खजिना तिथे आहे. तिथला सिग्नल बहुतेक मिक्सरमध्ये गेनच्या (माईकचा सिग्नल वाढवणारं वरचं बटण) नंतरचा आणि ईक्यू (जाड-बारीक सूर जुळवणारी बटणं) व फेडर (आवाज वर-खाली करायची सरकपट्टी) यांच्या आधीचा असतो, म्हणजे हॉलमधला ऑपरेटर फेडर कितीही वर-खाली करू दे, रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही, फक्त गेनला हात लावू नका म्हणावं.

इन्सर्टला एकाच स्टिरिओ जॅकमध्ये जायची आणि यायची दोन्ही वाट असते, टिपवर (जॅकचं टोक) सेंड, म्हणजे जाणारा सिग्नल, आणि रिंगवर (मधली कडी) रिटर्न, म्हणजे परत येणारा. साधा मोनो जॅक पूर्ण आत घातला तर सिग्नल बाहेर जातो पण परत येत नाही, आणि स्पीकरमधून तो चॅनल गप्प होतो. काहीजण मोनो जॅक पहिल्या क्लिकपर्यंतच अर्धा घालतात, काही मिक्सरवर चालतंही ते, पण आमच्याकडे भर अभंगात कुणाचा तरी पाय केबलला लागला, जॅक आत सरकला आणि पेटी बंद! तेव्हापासून अर्धा जॅक नाहीच. लॅमिंग्टन रोडवरून जॅक आणि शिल्डेड वायर आणून केबल स्वतः करा. मिक्सरकडे स्टिरिओ जॅक, त्यात टिप आणि रिंग एकमेकांना सोल्डर करून वायरची आतली तार तिथे, जाळी स्लीव्हला (जॅकचा मागचा भाग), आणि इंटरफेसकडे मोनो जॅक. टिप-रिंग जोडलेले असल्यामुळे सिग्नल तिथूनच वळून मिक्सरमध्ये परत जातो, आवाज चालू राहतो आणि आपल्यालाही मिळतो. ही लाईन अनबॅलन्स्ड असते, म्हणजे बाहेरची घरघर लवकर पकडते, म्हणून केबल तीन मीटरच्या आतच ठेवा.

आपल्याकडच्या पावसाळी हवेत इन्सर्टच्या आतले काँटॅक्ट काळे पडतात, चॅनल खरखरतो नाहीतर मधूनच जातो. कार्यक्रमाच्या आधी जॅक आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारलात तर उत्तमच.

इंटरफेसवर इनपुट लाईनवर, गेन अगदी खाली. ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माईकला लागणारा वीजपुरवठा) मिक्सरवरूनच द्यायचा, इंटरफेसचा बंद. घूं असा आवाज आला तर मिक्सर, इंटरफेस, लॅपटॉप एकाच बोर्डावर लावून बघा, चार्जर काढून बघा. अर्थिंगची पिन मात्र कधीच काढायची नाही, तिथे माणसं उघड्या हाताने माईक धरून उभी असतात.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, आम्ही रीपर वापरतो. कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट ठेवा, आठ मोनो ट्रॅक करून प्रत्येकाला एक-एक इनपुट द्या आणि सगळे आर्म करा (रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवा). ऐकणं मिक्सरवरूनच होतंय, तेव्हा बफर (ड्रायव्हरमधली सेटिंग, मोठी ठेवली की कॉम्प्युटरवरून ऐकू यायला उशीर होतो) ५१२ किंवा १०२४ बिनधास्त ठेवा. सॉफ्टवेअरच्या मीटरवर लेव्हल साधारण उणे १८ डीबीच्या आसपास, पखवाजाची जोरदार थाप पडली तरी उणे ६ डीबीच्या वर जाऊ नये, कारण रंगात आल्यावर सगळेच साउंड चेकपेक्षा जोरात वाजवतात. आठ ट्रॅकला तासाला साधारण ४ जीबी जागा लागते, लॅपटॉपचं स्लीप आणि वायफाय बंद ठेवा.

झांजवाल्यांना मात्र बुवांच्या माईकपासून लांब आणि माईकच्या पाठीमागच्या बाजूला बसवा. त्यांचा आवाज बुवांच्या ट्रॅकमध्ये शिरला की वेगळे ट्रॅक असूनही काही करता येत नाही.

आणि भजन संपल्यावर सतरंज्या गुंडाळायच्या आधी फोल्डर दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी करा, मगच लॅपटॉप बंद करा.