आधी मजकूर, मग डिझाइन

वेबसाइटचं काम रखडतं ते बहुतेक वेळा रंगांवरून किंवा कोडवरून नाही, मजकुरावरून. ‘आठवड्याभरात पाठवतो’ असं क्लायंट म्हणतो आणि गाडी तिथेच अडते. म्हणून पहिल्याच बैठकीत एक साधी शीट उघडा. प्रत्येक पानासाठी एक ओळ. पुढे पानाचा उद्देश, मजकूर कोण लिहिणार, फोटो कोण देणार आणि कधी. ‘कोण’च्या रकान्यात विभागाचं नाव नको, माणसाचं हवं. ‘मार्केटिंग टीम देईल’ याचा अर्थ कोणीच देणार नाही.

डिझाइनची मुदतही ठरावीक तारखेला बांधू नका. ‘मजकूर मिळाल्यापासून 10 दिवस’ अशी लिहा. उशीर कोणामुळे झाला यावर मग वाद होत नाही. निदान कमी होतो. अंतिम मजकुरासाठी थांबणं शक्य नसेल तर कच्चा मसुदा तरी मागून घ्या. ‘लोरेम इप्सम’ हा निरर्थक नमुना मजकूर भरून केलेलं डिझाइन देखणं दिसतं खरं, पण 3 शब्दांच्या जागी 11 शब्दांचं शीर्षक आलं की मोबाइलवर सगळी मांडणी कोलमडते.

जुनी साइट असेल तर तिच्या सगळ्या पानांचे पत्ते त्याच शीटमध्ये उतरवा. जे बदलणार त्यांना 301 रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) लागतं, नाहीतर गूगलवरून आलेला माणूस थेट 404 वर, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ या संदेशावर आदळतो. आणि हो, डोमेन (साइटचा वेबपत्ता) क्लायंटच्याच नावावर आहे ना, हे कोटेशन देण्यापूर्वी तपासा.