नववीच्या वर्गात जमावबंदी शिकवायची तर

मी फौजदार म्हणून निवृत्त झालो. आता तालुक्यातल्या शाळांनी बोलावलं की कायद्याचा तास घेतो. शिक्षक विचारतात, सुरुवात कुठून करायची? संविधानाच्या उद्देशिकेपासून करू नका. ती मुलांना पाठ असते आणि पाठ असलेल्या गोष्टीवर मुलं प्रश्न विचारत नाहीत.

जमावबंदीच्या आदेशापासून करा. सण किंवा निवडणूक जवळ आली की असे आदेश पेपरात छापून येतात. एक कात्रण घ्या, बाकागणिक एक झेरॉक्स द्या आणि उत्तरं शोधायला सांगा: आदेश कोणी काढला, कोणत्या कलमाने, कुठल्या हद्दीत, कधीपर्यंत? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 37 असेल, तर तो पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी काढतात आणि शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपुढे चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 असेल (लोकांच्या तोंडी अजून 144 च आहे), तर दोन महिने. राज्य सरकारला वाटलं तर आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढ देता येते.

मग कलम 37 मधली यादी एखाद्या मोठ्या आवाजाच्या मुलाकडून वाचून घ्या. काठ्या, सुरे, दगड इथवर वर्ग गप्प असतो. गाणी म्हणणं आणि वाद्यं वाजवणं आलं की हशा पिकतो. तो पिकू द्या. नंतर सांगा, त्या यादीतलं आदेशात जे लिहिलंय तेवढंच बंद, बाकीचं नाही. पोलिसाचा अधिकार कागदाएवढाच असतो, हे इथे नीट कळतं. असे आदेश जाहीर केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या निकालात सांगितलंय. त्यामुळे ‘साहेब, आदेश कुठे बघायला मिळेल?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. विचारायचा सूर मात्र मुलांकडून घटवून घ्या.

त्यासाठी बाकं सरकवा आणि नाटक करा. एक फौजदार, सहा-सात पोरं चौकात उभी. फौजदार म्हणतो, पांगा. शांतता बिघडेल असं वाटलं तर पाच किंवा जास्त जणांना तसं सांगायचा अधिकार ठाणे प्रभारीला आहे, तो नसेल तर उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला. पोरांनी निघून जायचं. आदेश चुकीचा वाटला तरी चौकात हुज्जत घालायची नाही. नावाची पट्टी, बक्कल नंबर आणि वेळ लक्षात ठेवायची, तक्रार नंतर लेखी. हे मी खाकीची बाजू घेऊन सांगत नाही. बंदोबस्तात दुपारपासून उभा असलेला शिपाई कलमं ऐकायच्या मनःस्थितीत नसतो, एवढंच.

सगळ्यात जास्त वेळ वयाला द्या, कारण तो मुलांचा स्वतःचा विषय आहे. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर 15 वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या मुलीला किंवा बाईला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी जायचं. अठराच्या आतल्या मुलावर गुन्ह्याचा आळ असला तरी त्याला कोठडीत ठेवता येत नाही. 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास एखाद्या चुलतभावाची गोष्ट येते. ती ऐका, पण गावाची, माणसांची नावं घेऊ देऊ नका.

‘सर, आणीबाणी लागली तर हे सगळं रद्द?’ असं कुणीतरी विचारेलच. 1975 सांगा, आणि 1978 ची 44 वी घटनादुरुस्तीही सांगा. तिच्यामुळे अनुच्छेद 20, म्हणजे गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण, आणि अनुच्छेद 21, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, आणीबाणीतही निलंबित करता येत नाहीत.

फळ्यावर तीन नंबर लिहून ठेवा: तातडीला 112, मुलांसाठी 1098, मोफत वकील हवा तर 15100.

ठाण्यातल्या अधिकाऱ्याला पुढच्या तासाला जरूर बोलवा, पण सत्कार ठेवू नका. शाल-नारळात अर्धा तास जातो आणि साहेब भाषण करून निघतात. मुलांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर आधी घ्या, निनावी, आणि चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्यासमोरच उघडा.