बुद्धिबळाच्या प्रोग्रामला पटाची किंमत शिकवताय? या चुका टाळा

नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या तालुक्यातली पोट्टी पट तर मांडतातच, पण दोनचार जण थेट प्रोग्राम लिहायलाच बसलेत. त्यांचा कोड पाहताना एक खोड सारखी दिसते. इंजिन, म्हणजे खेळणारा प्रोग्राम, वेडंवाकडं खेळलं की गडी पटाची किंमत मोजणाऱ्या (मूल्यमापनाच्या) फंक्शनमध्ये लगेच नवा बोनस घालतो: उंटांच्या जोडीला इतके, राजासमोरच्या प्याद्यांना तितके. दुखणं बहुतेक वेळा बुद्धिबळाचं नसतंच.

आधी चिन्ह तपासा. निगामॅक्स शोधात (एका खेळाडूचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा धरून दर खेळीला चिन्ह उलटवणारी पद्धत) गुण नेहमी ज्याची खेळी आहे त्याच्या बाजूनं परत यायला हवेत. फंक्शन कायम पांढऱ्याच्याच बाजूनं आकडा देत असेल, तर पांढऱ्याकडून 4 खेळ्या खोल शोधणारं इंजिन ठीक वाटतं आणि 5 वर वजीर फुकट देतं. सम-विषम खोलीवर असा फरक दिसला की दुसरीकडे शोधायला जाऊ नका.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे घरांचे तक्ते, म्हणजे कुठलं मोहरं कुठल्या घरात असलं की किती गुण, याची यादी. आपण तक्ता लिहितो आठवी ओळ वर ठेवून, आणि कोडमध्ये शून्य क्रमांक असतो पहिल्या ओळीतल्या ए1 ला. मग प्यादी दुसऱ्या ओळीवरून हलायलाच तयार नसतात, कारण सातव्या ओळीचा बोनस त्यांना बसल्या जागी मिळालेला असतो. घराचा क्रमांक 56 शी एक्सॉर (ठरावीक बिट उलटवणारी क्रिया) केला की ओळी उलटतात. खात्री करायची तर पट वरखाली उलटा, रंग बदला, खेळीची पाळीही बदला. गुण तेच यायला हवेत. शे-दोनशे स्थितींवर ही चाचणी लावा, मगच पुढं बोला.

मारामारी चालू असताना मोजणं ही सगळ्यात महाग चूक. जिनिंगच्या काट्यावर गाडी हलत असताना कोणी वजन लिहून घेत नाही. इथं मात्र वजिरानं प्यादं मारलं तिथंच शोध थांबतो, आणि पुढच्या खेळीत तो वजीर जाणार हे इंजिनला दिसतच नाही. म्हणून शेवटी फक्त मारण्याच्या खेळ्या पाहणारा शांतता-शोध लागतो. तो नसताना आकड्यांची डागडुजी करणं वाया.

आकडे साधे ठेवा. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनननं 1950 मध्ये मांडलेला हिशेब सुरुवातीला पुरतो: वजीर 9, हत्ती 5, उंट आणि घोडा 3, प्यादं 1, दुहेरी, एकाकी किंवा मागं राहिलेल्या प्याद्याला अर्ध्याचा दंड. कोडमध्ये हे शंभरपट करून पूर्णांकात ठेवा. एकाच गुणाला तीनदा बक्षीस देऊ नका. मधल्या घोड्याला तक्त्यातून गुण, हालचालीचे गुण, शिवाय मध्यावरच्या ताब्याचे गुण, असं झालं की इंजिन त्या घोड्यापायी प्यादं सोडून देतं.

राजाला डाव मधला की शेवटचा हे अचानक कळू देऊ नका. वजीर गेले की तक्ता बदला, असा नियम लिहिला तर अदलाबदलीच्या एका खेळीत गुण उडी मारतात. घोडा-उंट 1, हत्ती 2, वजीर 4 धरला तर डावाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंचे मिळून 24 होतात. त्यातले किती उरले त्या प्रमाणात मधल्या डावाचा आणि शेवटाचा असे दोन तक्ते मिसळा. प्याद्याची बढती झाली तर बेरीज 24 वर जाईल, तिथं लगाम घाला.

जिंकलेला शेवटही इंजिन घालवतं. हत्ती जास्त आहे, पण करायचं काय ते कळत नाही. समोरच्या राजाला कडेला ढकलल्याचे आणि आपला राजा जवळ नेल्याचे थोडे गुण द्या. नुसते दोन घोडे उरले तर मात जबरदस्तीनं करता येत नाही, तिथं 600 दाखवू नका.

बदल खरंच उपयोगी आहे का हे 20 डावांत कळत नाही. 100 डावांतही एलोमध्ये (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) साधारण 60 चा फरक निव्वळ नशिबाचा असू शकतो. आपल्याकडं लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, वेग पडतो आणि सेकंदांवर लावलेला सामना बिघडतो. म्हणून दर खेळीला ठरावीक नोड (शोधात तपासायच्या स्थिती) द्या आणि प्रत्येक डाव संपताच निकाल फाईलमध्ये लिहा. मूल्यमापन फार जड झालंय का ते मात्र नोडवर कळणार नाही. तेवढ्यासाठी लाईन असताना वेळेवरचा सामना वेगळा लावा.